बघे आणि पाहुणे



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, प्रवास आणि इतर संस्कृतींची ओळख. देशाटनाची महती आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली आहे. प्रवासानं मन मोठं होतं, माणूस शहाणा होतो, वगैरे. ते खोटं नाही. पण ते आपोआप होत नाही, एवढंच सांगायला आम्ही आज इथं उभे आहोत. उदाहरणं सगळी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली घेणार आहोत. गेली काही वर्षं आमचा सात-आठ जणांचा गट तिकडं जात-येत राहिला आहे आणि तिथं आमच्या हातून चुकाही झाल्या आहेत. सुरुवात त्यातल्याच एका चुकीपासून करतो.

पहिल्या खेपेला आम्ही भामरागडच्या बाजूला गेलो होतो. एका गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत काही उभे दगड दिसले. काही गुडघ्याएवढे, काही पुरुषभर उंच. जागा छान होती, ऊन चढलं होतं. आम्ही तिथंच बसलो, दगडांना पाठ टेकली, डबे उघडले, चिवडा खाल्ला. आमच्यातल्या एकानं तर दगडाच्या गळ्यात हात टाकल्यासारखा करून फोटो काढून घेतला. आमच्याबरोबर त्या गावचा एक तरुण होता, माडिया समाजातला. तो जरा लांब उभा राहिला. काही बोलला नाही.

संध्याकाळी त्याच्या अंगणात बसलो असताना तो हळूच म्हणाला, "सर, ते दगड माणसांचे आहेत." माडिया लोकांत मृतांच्या आठवणीसाठी दगड उभा करायची रीत आहे. ही काही पुरातत्त्वाच्या पुस्तकातली मेलेली रीत नाही, आजही पाळली जाते. "तुम्ही टेकले होते ना, तो आमच्या आज्याचा आहे."

आम्ही गारच पडलो. माफी मागितली. त्यानं ती विशेष मनावर घेतली नाही. उलट त्यानं विचारलं, "तुमच्याकडे माणूस गेला की त्याची आठवण कुठं ठेवता?" एक जण म्हणाला, भिंतीवर फोटो लावतो, हार घालतो. दुसरा म्हणाला, वर्षातून एकदा श्राद्ध करतो. तो म्हणाला, "म्हणजे घरातच. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसत नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मंडळी, आमचा प्रवास खऱ्या अर्थानं त्या प्रश्नापासून सुरू झाला. तोवर आम्ही बघे होतो. बघ्याला कुणी काही विचारत नाही. पाहुण्याला विचारतात. कुठून आलात, काय करता, तुमच्याकडे कसं असतं? दुसऱ्या संस्कृतीची ओळख व्हायची असेल तर आपण नुसतं बघून चालत नाही, आपल्यालाही बघितलं जाऊ द्यावं लागतं. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे. आता ते जरा उलगडून बघू.

वाघ दिसेल का?

तुमच्यापैकी बरेच जण चंद्रपूरला गेला असाल आणि बहुतेक ताडोबासाठीच गेला असाल. 1955 साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पहाटे मोहर्लीच्या फाटकावर जिप्सीत बसायचं, कानटोपी घालायची आणि गाइडला विचारायचं, वाघ दिसेल का? परतताना दिसला तर खूश, नाही दिसला तर पैसे वाया.

आता हे बघा. ताडोबा हे नाव आलं कुठून? तारू नावाच्या देवावरून. कथा अशी सांगतात की तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला, आणि पुढं लोक त्याला देव मानू लागले. तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे. पौष महिन्यात आदिवासी भाविक तिथं दर्शनाला येण्याची परंपरा आहे. म्हणजे ज्या जागी आपण वाघ बघायला जातो, ती मुळात वाघाशी लढून मेलेल्या माणसाच्या नावाची जागा आहे. आणि जिप्सीत आपल्या पुढं बसलेला गाइड जवळच्याच गावचा असतो. त्याच्या गावातल्या बाया मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जातात तेव्हा त्यांच्या मनातही तोच प्रश्न असतो, वाघ दिसेल का? आपण तो आशेनं विचारतो, त्या भीतीनं. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात, त्यांत सरपण आणायला, मोह वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेलीच बहुधा जास्त असतात.

एका खेपेला आम्ही गाइडला वाघाचं विचारलंच नाही. तुमच्या घरी जंगलातून काय काय येतं, एवढं विचारलं. तीन तास तो बोलत होता. वाघ त्या दिवशीही दिसला नाही, पण पैसे वाया गेले असं कुणी म्हणालं नाही.

'पानी' आणि 'पाणी'

चंद्रपूर सोडून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातलं तीन चतुर्थांश जंगल, आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्याही आत. आपल्या डोक्यात गडचिरोली म्हटलं की आदिवासी, एवढंच येतं. त्याच जनगणनेत अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे 39 टक्के आहे. मग उरलेले कोण? उत्तरेत कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते. दक्षिणेत सिरोंच्याला तेलुगू. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, तिथं माशाचं कालवण आणि दुर्गापूजा. आणि वैनगंगेच्या काठानं झाडीबोली, म्हणजे आपली मराठीच.

या 'आपली'वर जरा थांबू. झाडीबोलीत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' बहुधा 'र' होऊन येतो. पाणी नाही, पानी. डोळा नाही, डोरा. पुण्या-मुंबईचा माणूस हे ऐकतो आणि चटकन म्हणतो, अशुद्ध बोलतात. अहो, परक्या भाषेपुढं आपण नम्र असतो. जपानला गेलो तर दोन शब्द पाठ करून जातो. पण आपल्याच भाषेचं दुसरं रूप समोर आलं की आपण मास्तर होतो. दुसऱ्या संस्कृतीची परीक्षा परदेशात होते असं आपल्याला वाटतं, ती वडसा स्टेशनवर उतरल्या उतरल्याच सुरू होते.

वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र. धान घरात आलं की, दिवाळीपासून होळीपर्यंत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावागावांत नाटकं होतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि खाली येतो तेव्हा तांबडं फुटलेलं असतं. का? तर पूर्वी लोक लांबून बैलगाड्यांनी यायचे, मध्यरात्री जंगलातून परत जाणार कसे? म्हणून नाटक उजाडेपर्यंत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुणे-रावळे जमतात, सोयरिकीची बोलणीसुद्धा होतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

आम्ही पहिलं नाटक पाहिलं तेव्हा आमच्यातल्या दोघांनी दीड तासात घड्याळ बघायला सुरुवात केली. संवाद भडक आहेत, गाणी फार आहेत. शेजारी बसलेल्या आजींनी आपली चादर आमच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "थंडी वाजन, घ्या." पहाटेपर्यंत त्या चादरीत आम्ही तिघं होतो. तीनच्या सुमाराला लक्षात आलं की नाटक स्टेजवर आहे त्याहून मोठं समोर मंडपात चालू आहे. कोण कुणाजवळ येऊन बसलं, कुणाचं भांडण मिटलं, कुणाची मुलगी आता मोठी दिसायला लागली. तिकीट काढून दोन तास बघून निघून गेलो असतो तर 'नाटक सामान्य होतं' असं लिहून मोकळे झालो असतो.

विचारलं, म्हणून कळलं

आता थोडं अशा लोकांबद्दल, जे या भागात बाहेरून आले आणि राहिले. त्यांच्याकडून प्रवाशानं शिकण्यासारखं खूप आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधायचा होता. डॉक्टर माणसाला दवाखाना कसा असतो हे काय कुणाला विचारावं लागतं? पण त्यांनी गावागावांतल्या लोकांना विचारलं, तुम्हाला मोठ्या दवाखान्याची भीती का वाटते? उत्तरं थोडक्यात अशी होती. तिथं इमारत एवढी मोठी की माणूस हरवतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरं कापड आम्ही मेलेल्यावर घालतो. आणि आजारी माणसाला नातेवाइकांपासून तोडतात. हे ऐकून धानोरा तालुक्यातल्या शोधग्राममध्ये दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला, रुग्णाबरोबर नातेवाईक राहू शकतील असा. नाव दिलं लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

पांढऱ्या कपड्याची गोष्ट बघा. कितीही हुशार माणूस नुसतं बघून ती ओळखू शकला नसता. लोक दवाखान्यात येत नाहीत एवढंच दिसलं असतं, आणि आपण निष्कर्ष काढला असता, अंधश्रद्धा! खरं कारण कळायला विचारावं लागलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं लागलं.

दुसरं उदाहरण हेमलकशाचं. बाबा आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प तिथं 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले. सुरुवातीला लोक जवळ येत नसत. त्यांनी माडिया भाषा शिकली. लोकांच्या अंगावर कपडे नाहीत हे पाहून प्रकाशभाऊंनी आपला पोशाख बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आणला, तो कायमचाच. एकदा शिकार करून परतणारी माणसं दिसली, मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगलेलं होतं. त्यांनी मोबदला देऊन ते पिल्लू मागून घेतलं. आपण असतो तर तिथंच शिकारबंदीवर भाषण दिलं असतं. त्यांना माहीत होतं की ही शिकार हौसेची नाही, भुकेची आहे. पिल्लू वाचलं, त्या माणसांचा मानही राहिला, आणि पुढं तिथं प्राण्यांचं अनाथालयच उभं राहिलं. समजून घेणं म्हणजे सगळ्याला होय म्हणणं नव्हे. पण नाही म्हणण्याआधी समोरचा असं का करतो, हे ठाऊक पाहिजे.

गोटुलची बदनामी

आता थोडा अवघड विषय. गोटुल. हा शब्द शहरात उच्चारला की काही जणांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं. ते आपल्या जुन्या वाचनातून आलेलं आहे. व्हेरियर एल्विन यांनी 1947 मध्ये बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या तरुण-तरुणींच्या मोकळ्या संबंधांचं वर्णन तेवढं लोकांनी उचललं, बाकी ग्रंथ सोडून दिला. ते वर्णन बस्तरच्या मुरियांचं होतं, ते सगळ्या गोंडांना चिकटलं. मग पर्यटक विचारतात, गोटुल बघायला मिळेल का? कशासाठी बघायचं आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

गडचिरोलीतल्या गावांत गोटुल म्हणजे सगळ्या गावाची जागा. तिथं बैठक बसते, सण होतात, तंटे मिटतात, तरुण पोरं मोठ्यांचं ऐकून शिकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं 1980 च्या दशकात आपलं गोटुल पुन्हा उभारायचं ठरवलं. जंगलातलं लाकूड वापरलं म्हणून वनखात्यानं ते पाडलं. तेव्हा आसपासची गावंही मेंढ्याच्या बाजूनं उभी राहिली आणि त्यांनी आपापल्या गावात गोटुल बांधायला घेतलं. ज्या शब्दावर आपण गालात हसतो, त्या शब्दासाठी ही गावं सरकारपुढं उभी राहिली होती.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच मेंढ्याची. इथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचं मन तयार नसेल तर चर्चा पुढच्या बैठकीत. 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात हे सगळं नीट मांडलं आहे, जाण्याआधी जरूर वाचा.

आता सांगा, आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा एक प्रश्न सर्वसहमतीनं सुटलेला कुणी पाहिलाय? आपण 'मागास' भागात लोकशाही शिकवायला जातो, आणि तिथं ती आपल्याहून जास्त सवयीची असते.

आपण निघून येतो

यापुढचं जरा जपून बोलायला हवं. गडचिरोलीनं 1980 च्या दशकापासून नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातला संघर्ष सोसला आहे. अशा भागात अनोळखी माणूस गावात येणं ही साधी गोष्ट नसते. हा कुणाचा माणूस? कशासाठी आला? कुणाच्या घरी थांबला? आपण दोन दिवस राहून, फोटो काढून निघून येतो. प्रश्न मागे राहिलेल्यांना विचारले जातात. आमच्या उत्साहाची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरू नये, एवढं भान प्रवाशाला पाहिजे.

म्हणून आम्ही आता काही गोष्टी पाळतो. आगाऊ कळवल्याशिवाय आणि बोलावणं असल्याशिवाय कुठल्या गावात जात नाही. एका वेळी आठाच्या वर जात नाही. फोटो काढण्याआधी विचारतो, आणि 'नाही' म्हणाले तर का, असं विचारत नाही. पोरांना चॉकलेटं वाटत नाही, त्यांना हात पसरायची सवय आपणच लावतो. आठवडी बाजारात घासाघीस न करता खरेदी करतो. ताटात येईल ते खातो, लाल मुंग्यांची चटणी असली तर चटणी म्हणून खातो, व्हिडिओसाठी तोंडं वेडीवाकडी करत नाही. आणि मोहाची दारू मिळेल का, हे विचारत नाही. तिथल्या लोकांसाठी मोह हा अन्न आहे, देवाकार्याचा भाग आहे. शिवाय गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून 1993 साली दारूबंदी आणलेली आहे. ज्या गावातल्या बायांनी दारूशी भांडण मांडलं, तिथं जाऊन आपण ती मागायची?

मागे एका व्याख्यानात कुणीतरी विचारलं होतं, "एवढे नियम पाळायचे तर मग जाऊच नये का?" जरूर जावं. न गेल्यानं गैरसमज जसेच्या तसे राहतात. पण हे नियम काही वेगळे नाहीत. कुणाच्याही घरी जाताना आपण ते पाळतोच. न कळवता जात नाही, आतल्या खोलीत डोकावत नाही, देवघराला पाठ टेकून बसत नाही. जंगलात गेल्यावर ते घर आहे हे आपण विसरतो, एवढंच.

आमच्या फाटकावर

शेवटची एक गोष्ट सांगतो. दगडाबद्दल विचारणारा तो तरुण दोन वर्षांनी स्पर्धा परीक्षेसाठी आमच्या शहरात आला. आम्ही त्याला घरी बोलावलं. सोसायटीच्या फाटकावर त्याला थांबवलं. नाव, गाव, कुणाकडे, काम काय, वेळ, सही. मग फोन आला, "सर, कोणी गडचिरोलीचा आहे म्हणतो, सोडू का?" तो वर आला, बसला, पाणी प्यायला. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनी त्याला विचारलं होतं, "गडचिरोली? तिकडं नक्षलवादी असतात ना? तू कसा काय आलास?" हे त्यानं हसत हसत सांगितलं. मग म्हणाला, "तुम्ही आमच्या गावी आले तेव्हा कुणी वहीत लिहून घेतलं नव्हतं."

आम्ही त्याच्या गावी चार वेळा गेलो होतो, तो आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. प्रवासानं आपण किती शिकलो, हे आपण कुठं कुठं जाऊन आलो यावरून मोजू नका. तिकडची माणसं आपल्या दारात येतात, वसतिगृहात, कारखान्यात, दवाखान्यात येतात, तेव्हा आपण त्यांच्याशी कसे वागतो, त्यावरून मोजा. तुमच्या गावातही असा कुणीतरी असेल, खोली भाड्यानं शोधत असेल. त्याला घरी जेवायला बोलवा. आणि तो तुम्हाला काही विचारेल, तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका.